मिऱ्याएवढा बुध

मी मनावर घेतलं तर आकाशसुद्धा खपवून दाखवीन, असं मी राष्ट्रीय खगोल मंडळाच्या आमच्या शाखेच्या बैठकीत मूठ आपटून सांगितलं. मूठ जरा जास्तच जोरात आपटली गेली. चहाचे कप नाचले आणि डुलकी काढत असलेले अध्यक्ष दचकून "मंजूर!" म्हणाले. झालं! ठराव पास!

आता खरं सांगायचं तर मी काही आकाशातला माणूस नव्हे. मी एका गोदामाच्या ऑफिसात हिशेब बघतो. आत काय आलं, बाहेर काय गेलं आणि मधल्यामध्ये कोणी काय ढापलं, एवढंच मला समजतं. खगोलशास्त्र माझ्या गळ्यात पडलं ते सासऱ्यांमुळे. पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो, तेव्हा त्यांनी ना माझा पगार विचारला, ना शिक्षण. "लांबचं नीट दिसतं का?" एवढंच विचारलं. मी "दिसतं" म्हणालो आणि महिन्याभरात शाखेचा खजिनदार झालो. जावई त्यानंतर झालो.

सासऱ्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. जन्मभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं आणि उरलेला वेळ त्या शाखेला वाहिला. शाखा त्यांनीच काढलेली. त्यांची एक पितळी दुर्बीण आहे, लांबलचक, तीन पायांवर उभी राहणारी. सासूबाई तिला सवत म्हणतात. "सवत पुसून ठेवलीय हो!" असं स्वयंपाकघरातून ओरडून सांगतात. पुसतात मात्र रोज, आणि तेही मऊ फडक्याने.

तर मुख्यालयाचं परिपत्रक आलं होतं. मोहिमेचं नाव 'घरोघरी आकाश'. प्रत्येक शाखेने जनसंपर्क वाढवावा, शाळांत जावं, बाजारात जावं, नवे सभासद करावेत. मुख्यालयाचे कार्यवाह स्वतः येऊन पाहणी करतील आणि मंडळाच्या मासिकात फोटो छापतील. आमच्या शाखेचा जनसंपर्क कसा होता म्हणता? 'ताऱ्यांचे वर्णपट' या विषयावर शेवटचं व्याख्यान झालं, तेव्हा श्रोत्यांत वक्त्यांची बायको, वक्त्यांची मेहुणी आणि खुर्च्या परत न्यायला आलेला माणूस होता. टाळ्या त्यानेच जास्त वाजवल्या, कारण व्याख्यान संपलं होतं.

मी म्हणालो, "बुधाचा दिवस धरू या!"

त्याचं असं आहे की काही वर्षांतून एकदा बुध हा ग्रह बरोबर सूर्यासमोरून जातो. भर दिवसा, चांगला चार-पाच तास. सूर्याच्या तबकडीवरून एक काळा ठिपका सरकत जातो. त्याला अधिक्रमण म्हणतात. पुढच्याच महिन्यात ते होतं.

अण्णा कोपऱ्यात बसले होते. ते हळूच म्हणाले, "मला एकदा बघायचाय तो."

सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या. अण्णांनी बुध सूर्यावर कधीच पाहिला नव्हता! एका खेपेला दिवसभर ढग होते. दुसऱ्या खेपेला ऐन त्याच दिवशी आमचं लग्न होतं. (तारीख माझ्या वडिलांनी ठरवली होती. अण्णा "चालेल" म्हणाले आणि हॉलच्या खिडकीतून दिवसभर उन्हाकडे बघत राहिले. फोटोत दिसतं ते.) आणि आता त्यांचे डोळे चालले होते. नजरेच्या बरोबर मधोमध एक डाग पडला होता आणि तो पसरत होता.

"मी जिथे बघतो नेमकं तिथलंच दिसत नाही," ते हसून सांगायचे. "आजूबाजूचं दिसतं. पण आम्हा लोकांना तिरकं बघायची सवयच असते. अंधुक तारा सरळ बघितला तर गायब होतो, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायचा!" डॉक्टरांनी मात्र हिला बाजूला घेऊन सांगितलं होतं की कोपरेही फार दिवस टिकणार नाहीत.

त्या दिवशी घरी येताना ही मला म्हणाली, "तुमचे सभासद गेले खड्ड्यात. बाबांना तो ठिपका दिसला पाहिजे."

"दिसला म्हणून समज!" मी म्हणालो.

मी कामाला लागलो. वाचनालयाचं मागचं अंगण मिळवलं. जाहिरातीचा फलक रंगवायला पेंटरला दिला. फक्त 'सूर्य आणि बुध काढा' एवढंच सांगून मी ऑफिसला गेलो, ही चूक झाली. पेंटर कलावंत होता. त्याने सूर्य काढला लिंबाएवढा आणि बुध काढला कलिंगडाएवढा. वर बुधाला कडं घातलं, मिशा काढल्या.

"अहो, मिशा कशाला?"

"ग्रह आहे ना साहेब? रुबाब नको?"

फलक चौकात लागला आणि गावभर बोभाटा झाला. 'या! बघा! फुकट!' यातला शेवटचा शब्द सगळ्यांनी नीट वाचला. केमिस्ट दुकान बंद करून येणार, न्हावी अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकाला घेऊन येणार, आमच्या ऑफिसच्या मॅडमसुद्धा येणार म्हणाल्या. या मॅडमची नजर म्हणजे घार! माझ्या हिशेबातली चूक त्या फाइल उघडायच्या आधीच पकडतात.

तो दिवस उजाडला. आकाश निळंशार! अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून, केस चापून बसवून, पहिल्या दिवशी शाळेत निघालेल्या मुलासारखे आले. सासूबाईंना मी सभासदांच्या नावाचे बिल्ले लिहायला बसवलं. जाड काळा मार्कर दिला.

सूर्याकडे दुर्बिणीतून थेट बघायचं नसतं, डोळा जाईल. म्हणून दुर्बीण सूर्याकडे रोखायची आणि तिच्या मागे सावलीत एक पांढरा पुठ्ठा चिमट्यांनी स्टँडला लावायचा. पुठ्ठ्यावर सूर्य उमटतो, चांगला बशीएवढा. अण्णांनी हाताने चाचपत सगळं जुळवलं. पुठ्ठ्यावर सूर्य आला. आणि त्याच्या कडेशी बुध!

केवढा? खसखशीच्या दाण्याएवढा.

सासूबाईंनी चष्मा वर-खाली केला. "हा?"

"हा," मी म्हणालो.

"एवढ्यासाठी एवढं?"

"लांब आहे ना तो, आई."

"अहो, पण हा ह्यांना कसा दिसणार?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "ह्यांना सकाळी बशी दिसली नाही, चहा टेबलावर ओतला."

मी अण्णांना म्हणालो, "चला अण्णा, पहिले तुम्ही. या."

"छे!" अण्णा एकदम ताठ झाले. "लोक दारात उभे आहेत. मंडळ लोकांसाठी आहे का आपल्यासाठी? आधी पाहुणे. मी शेवटी बघीन. चार तास आहे तो, पळून जात नाही."

"अहो, पण ढग आले तर?"

"आजवर मी ढगांची सवय केली, आता ढगांनी माझी करावी," म्हणून ते रांगेच्या शेवटी खुर्ची टाकून बसले. हट्टी म्हणजे किती हट्टी असावं माणसाने!

फाटक उघडलं आणि लोक आत घुसले. मी रांग लावायला धावलो. फाटकाशी आधी भांडण मिटवावं लागलं, कारण अर्ध्या लोकांचं म्हणणं होतं की मिशा दाखवल्याशिवाय ते हलणार नाहीत. तेवढ्यात मागून आरडाओरडा ऐकू आला.

"दिसला! दिसला!"

"केवढा ठळक!"

"मिऱ्याएवढा आहे हो!"

मी थबकलो. मिऱ्याएवढा? आत्ता तर खसखशीएवढा होता! हिशेबनिसाला एक वाईट सवय असते. अपेक्षेपेक्षा जास्त जमा दिसली की तो आधी पावती शोधतो. मी धावत पुठ्ठ्याजवळ गेलो. सूर्यावर काळाकुट्ट, गरगरीत, तुकतुकीत ठिपका होता! मी दुर्बिणीला बोटाने हलकेच ढकललं. पुठ्ठ्यावरचा सूर्य सरकला. ठिपका जागचा हलला नाही!

मी वळून बघितलं. सासूबाई मार्करचं टोपण लावत होत्या आणि आयुष्यात प्रथमच आकाशाकडे बघत होत्या.

"आई! हे काय केलंत?"

"काय केलं?"

"बुध एवढा नसतो!"

"असू दे की आजच्या दिवस. बरोब्बर त्याच्यावरच काढलाय. जागा नाही बदलली मी."

"अहो, ही फसवणूक आहे! मंडळ आहे आपलं, राष्ट्रीय!"

"मग तुमच्या राष्ट्रीय मंडळाने मोठा बुध आणायचा होता." मग त्या एकदम खाली बघून म्हणाल्या, "बापू, जन्मभर हे मला गच्चीवर हाका मारत राहिले. ये गं, शनी बघ, ये गं, अमुक बघ. मी म्हटलं, पोळ्या कोण करणार? एकदाही गेले नाही. आज पहिल्यांदा त्यांच्याबरोबर बघणार आहे मी. आणि त्यांनाच दिसू नये होय?"

 मी रांगेकडे वळून ओरडलो, "पुढे चला, पुढे चला! बघा आणि सरका!"

पण सूर्याला कुठे सासूबाईंची भीड! पृथ्वी फिरते, त्यामुळे पुठ्ठ्यावरचा सूर्य सारखा सरकत राहतो. तो सरकला आणि मिऱ्याएवढा बुध सूर्याच्या बाहेर पांढऱ्या पुठ्ठ्यावर लटकत राहिला.

"साहेब, संपलं का हो?" पोस्टमनने विचारलं. "बाहेर पडला की तो!"

"येतोय, येतोय परत!" म्हणत मी दुर्बीण ढकलली आणि सूर्य ओढून पुन्हा बुधाखाली घातला. जगभरातले खगोलप्रेमी त्या दिवशी सूर्यामागे दुर्बीण फिरवत होते. मी एकटा बुधाखाली सूर्य सरकवत होतो! घाम असा निथळत होता, जणू मीच बुध आहे आणि सूर्याच्या इतक्या जवळून चाललोय.

त्यात मॅडम आल्या. वाकल्या. बघितलं. माझ्या हिशेबाच्या फाइलवर ठेवतात तसंच बोट ठेवून म्हणाल्या, "हे दोन कसे?"

"दोन?"

"हा मोठा. आणि इथे हा बारीक."

खरा बुध! सूर्याबरोबर सरकून तो शाईच्या ठिपक्याखालून बाहेर आला होता. खसखशीचा इवलासा दाणा.

"ती... ती धूळ आहे मॅडम," मी म्हणालो.

"मग पुसा की."

मी खिशातून रुमाल काढला आणि पुसलं. खसाखसा पुसलं. तो माझ्या रुमालावरही उमटला! राष्ट्रीय खगोल मंडळाच्या शाखेच्या खजिनदाराने भर दिवसा, शेकडो लोकांसमोर, खऱ्या बुधाला धूळ ठरवून पुसायचा प्रयत्न केला. असा विक्रम दुसऱ्या कुठल्या शाखेच्या नावावर नसेल!

"चिकट दिसतेय धूळ," मॅडम म्हणाल्या आणि सभासदत्वाचा अर्ज भरून गेल्या. त्यांच्यामागे केमिस्टने भरला, न्हाव्याने भरला, अर्ध्या दाढीवाल्याने भरला. मी बघतच राहिलो. खऱ्या आकाशाला जन्मात इतके अर्ज आले नव्हते!

रांग सरत आली. पश्चिमेकडून ढगांची एक मळकट गोधडी वर येत होती. सासूबाई खुर्चीकडे जाऊन अण्णांना हात धरून उठवत होत्या. मी सुटकेचा श्वास सोडला. एवढा एक माणूस बघू दे, की पुठ्ठा जाळून टाकतो!

तेवढ्यात फाटकात गाडी थांबली. मुख्यालयाचे कार्यवाह! गळ्यात कॅमेरा, डोक्यावर टोपी. या गृहस्थांनी सूर्यावरच्या डागांची चित्रं काढण्यात हयात घालवलेली. शाईचा ठिपका त्यांना रस्त्याच्या पलीकडून ओळखू आला असता! "वा वा, काय गर्दी! आधी फोटो घेतो," म्हणत ते थेट दुर्बिणीकडेच निघाले.

 मासिकात फोटो छापला जाणार! अण्णांनी आयुष्यभर जपलेली शाखा, आणि तिच्या नावाखाली मार्करने काढलेला ग्रह! मी काय केलं असेल? विचार न करता चिमटे काढले, पुठ्ठा उलटा केला आणि परत लावला. पांढरा स्वच्छ. त्यावर सूर्य. त्यावर खसखस.

आणि मग माझ्या लक्षात आलं, की अण्णा समोर उभे आहेत.

"अण्णा, आधी तुम्ही," कार्यवाह अदबीने मागे सरकले. "फोटो नंतर."

आता पुठ्ठा परत उलटणार कसा? कार्यवाह माझ्या खांद्याशी उभे. सासूबाईंना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांनी अण्णांचा हात पुठ्ठ्याच्या कडेवर ठेवला. "हं, बघा. अगदी ठळक आहे हो," असं म्हणून त्या स्वतः बघायला वाकल्या.

त्यांचा चेहरा मी बघितला. त्यांनी कोरा पुठ्ठा बघितला, मग माझ्याकडे बघितलं.  रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

अण्णा वाकले. मान डावीकडे कलवली. मग उजवीकडे. मग हनुवटी वर करून खालून बघितलं. सगळे कोपरे वापरून झाले. ढगाची पहिली सावली अंगणात शिरत होती आणि पुठ्ठ्यावरचा सूर्य कडेने मळायला लागला होता. 

"दिसला का हो?" सासूबाईंनी विचारलं. आवाज इतका बारीक, की आधी मला वाटलं दुसरंच कोणी बोललं.

अण्णा सरळ झाले.

"दिसला!" ते मोठ्याने म्हणाले. "अरे वा! केवढा ठळक! अगदी मिऱ्याएवढा!"

आणि त्यांनी बोट ठेवलं ते सूर्याच्या पार दुसऱ्या टोकाला.

"मिऱ्याएवढा?" कार्यवाहांनी तोंड उघडलं. "अण्णा, तो तर इकडे..."

मी त्यांच्या बुटावर पाय दिला. चांगला टाचेने दिला. ते कळवळले, माझ्याकडे बघितलं, मग अण्णांच्या बोटाकडे, मग सासूबाईंकडे. माणूस हुशार होता. टोपी काढून म्हणाले, "हो. खूपच ठळक आहे आज."

"तू बघितलास का गं?" अण्णांनी विचारलं.

"बघितला ना," सासूबाई म्हणाल्या. "मिऱ्याएवढा."

ढग आला आणि पुठ्ठा विझला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि यावेळी कोणाला खुर्च्या न्यायच्या नव्हत्या.

संध्याकाळी मी दोघांना घरी सोडायला गेलो. सासूबाईंनी मला चहा टाकायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात बोलावलं.

"बापू, त्यांना दिसला नाही."

"आई, तो पुठ्ठा मी..."

"राहू दे. तुम्ही मुद्दाम नाही केलंत." त्यांनी आधणात साखर टाकली, मग विसरून पुन्हा टाकली. "मला वाईट वाटू नये म्हणून दिसला म्हणाले. मला कळलंय हे त्यांना सांगू नका. खूश आहेत ते आज."

मी तो गोड्ढाण चहा घेऊन अण्णांकडे गेलो. ते खिडकीशी बसले होते.

"ती आत आहे ना?" त्यांनी आधी खात्री करून घेतली. मग म्हणाले, "मला पांढरंच दिसलं रे सगळं. सूर्य होता एवढं कळलं, बस. पण रांगेत सगळे मिऱ्याएवढा, मिऱ्याएवढा म्हणत होते, तेच म्हटलं. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा माझ्याबरोबर उभी राहिली होती. तिला सांगू नकोस."

"नाही सांगत."

ते पुढे वाकले. मग खुर्ची माझ्याकडे ओढली. "मिऱ्याएवढा नसतो तो. मला माहितीये ना. तू बघितलास का? खरा कसा होता?"

दिवसभरात मी खरा बुध नीट बघितला होता तो एकदाच, रुमालाने पुसताना. पण अगदी जवळून बघितला होता, हे मात्र खरं.

"खसखशीएवढा," मी म्हणालो. "काळा. अगदी काळा. आणि गोल, कडा रेखीव."

"कडा रेखीव?"

"एकदम. कंपासने काढल्यासारख्या. आणि पुसूनही जात नव्हता."

"आणि सूर्याबरोबर सरकत होता?"

"सूर्याबरोबर सरकत होता."

अण्णांनी डोळे मिटून घेतले. बराच वेळ मान हलवत राहिले. "मग तोच," ते म्हणाले. "मग तोच."

शाखा आता तुडुंब आहे. मुख्यालयाने मला जनसंपर्काचं प्रशस्तिपत्रक पाठवलंय. पण सासुरवाडीला जेवायला गेलो, की एका बाजूला अण्णा बसतात, दुसऱ्या बाजूला सासूबाई, आणि दोघंही माझ्याकडे बघून हळूच मान हलवतात. मी आपला घास तोंडात कोंबून बसतो, म्हणजे बोलायला नको. वजन वाढत चाललंय. ही म्हणते, कमी खा. कमी खाल्लं तर बोलावं लागेल ना!